‘साधा कोळसाच दिला’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार. एक तारा देऊन तुम्ही लिहिले आहे: ‘जिवाणूयुक्त बायोचार म्हणून साधा कोळसाच दिला. ओला निघाला म्हणून दोन दिवस उन्हात वाळवला, कुंडीत मातीबरोबर निम्मा-निम्मा मिसळला. पंधरा दिवसांत टोमॅटो पिवळा पडला. पाण्यात टाकला तर नुसता तरंगतो.’ काय काय केले ते तुम्ही नीट लिहिलेत, त्यामुळे कारणावर थेट बोलता येते.

पाकिटातला ओलावा मुद्दाम राखलेला असतो. बायोचार म्हणजे कमी हवेत जाळून मातीसाठी तयार केलेला सच्छिद्र कोळसा. त्याच्या छिद्रांत पाण्याचा पातळ थर असतो, जिवाणू त्या थराच्या आधाराने जगतात. यातला सुडोमोनास हा जिवाणू बीजाणू तयार करत नाही, त्यामुळे सुकला की बहुतांश मरतो. बॅसिलस हा जिवाणू आणि ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी यांचे बीजाणू बऱ्यापैकी तग धरतात. त्यात काळी भुकटी उन्हात भराभर तापते. म्हणून पाकीट सावलीत ठेवावे आणि ओलावा कमी वाटला तर थोडे पाणी शिंपडावे. मूठ आवळल्यावर बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसला, की ओलावा पुरेसा.

पिवळेपणाचे मूळ मात्र प्रमाणात आहे. कंपोस्टमध्ये मुरवलेला बायोचारही अल्कधर्मीच राहतो, म्हणूनच पाकिटावर कुंडीसाठी ५ ते १० टक्के लिहिले आहे. निम्मा घातला की मिश्रणाचा सामू (पीएच) चढतो आणि मुळांना लोह मिळेनासे होते. शिवाय इतका कोळसा अमोनियमच्या रूपातले नत्रही स्वतःकडे धरून ठेवतो. दोन्ही पिवळेपणा वेगळे ओळखता येतात. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्याच, तर लोहाची कमतरता. खालची जून पाने शिरांसकट पिवळी, तर नत्राची. कोणती पाने आधी पिवळी पडली ते कळवा, फोटो असेल तर उत्तमच.

तरंगण्यावरून जिवाणू आहेत की नाहीत हे कळत नाही. कोरड्या बायोचारच्या छिद्रांत हवा असते म्हणून तो तरंगतो, आणि तुमचा तर वाळवलेला होता. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेस पाहायचा उपायही काही जण सुचवतात. तो करू नका: जिवाणू नसले तरी बायोचार स्वतःच पेरॉक्साइडचे विघटन करतो. खरी तपासणी म्हणजे प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून त्यातून वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजणे. तिथेही नमुना पाण्यात भरपूर हलवून घ्यावा लागतो, नाहीतर छिद्रांना चिकटलेले जिवाणू बाहेर येत नाहीत आणि आकडा खोटाच कमी दिसतो.

रोप वाचवता येईल, उपटू नका. मुळांच्या गड्ड्यासह अलगद उचला. आताच्या मिश्रणाच्या १ भागाला ३ भाग माती आणि १ भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट मिसळा. म्हणजे बायोचार १० टक्क्यांवर येतो. नत्राची लक्षणे असतील तर लिटरला १ ग्रॅम अमोनियम सल्फेट, आठवड्याच्या अंतराने दोनदा. लोहाची असतील तर ईडीडीएचए स्वरूपातले, म्हणजे अल्कधर्मी मातीतही मुळांना मिळत राहणारे लोह मातीतून द्या. साधे फेरस सल्फेट या सामूला लवकरच निरुपयोगी होते.

नवी पाने हिरवी निघाली, की मग जिवाणू. आम्ही बदली पाकीट विनामूल्य पाठवतो. संध्याकाळी मुळांजवळ ४-५ सेंटीमीटर खोल दोन मुठी घाला आणि क्लोरीनचे नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून मगच द्या. तांबेयुक्त किंवा कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक त्याच्या आगेमागे दहा-बारा दिवस मातीत ओतू नका. तांबे जिवाणूंना मारते आणि कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला.

त्याच लॉटचे न उघडलेले पाकीट तुमच्याकडे असेल, तर ते तुमच्या पसंतीच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. जिवाणू पाकिटावर छापलेल्या संख्येपेक्षा कमी निघाले तर तपासणीचा खर्च आणि पाकिटाचे पैसे आम्ही देऊ.