डीपीवर पत्रा टाकून डीपी वाचत नाही

मे महिना अर्धा सरला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. सोबत फोटो असतो: दोन खांबांमधली डीपी (म्हणजे विजेचं रोहित्र, ट्रान्सफॉर्मर), तिच्या डोक्यावर चार पत्रे, नाहीतर चहूबाजूंनी आवळलेली निळी ताडपत्री. म्हणणं थोडक्यात असं, की डीपी उघड्यावर असते, पाणी आणि धूळ आत जाते, म्हणून ती पावसाळ्यात जळते. उपाय चार. वर्गणी काढून शेड करा, बाजूला लोंबणाऱ्या बाटलीचं तोंड पिशवीने बांधा, धूळ बसली की पाइपने धुवा, आणि शहरात सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर असेल तर धूळ-पाणी अडवणाऱ्या आयपी ६५ पेटीचा आग्रह धरा.

धूळ आणि पाणी हे रोहित्राचे वैरी आहेत, हे खरंच. पण ते शिरतात कुठून, याचा मेसेज लिहिणाऱ्याला पत्ता नाही. त्यामुळे चारही उपाय डीपीच्या मुळावर येणारे निघालेत.

आधी उघड्यावर असण्याचा मुद्दा. आयएस ११८० हे भारतीय मानक मुळात उघड्यावर बसवायच्या, तेलात बुडवलेल्या वितरण रोहित्रांसाठीच आहे. पोलादी टाकी वेल्डिंग केलेली, झाकण गॅस्केट घालून बोल्टने आवळलेलं, आतली लोखंडी कोर आणि तिच्यावरची तारेची कॉइल पूर्ण तेलात. वरून मुसळधार कोसळलं तरी धडधाकट टाकीला काही होत नाही. तारा टाकीत शिरतात तिथे वर चिनीमातीचे बुशिंग दिसतात, त्यांना एकाखाली एक झालरी असतात. पावसातही झालरीची खालची बाजू कोरडी राहावी आणि पाण्याच्या सलग धारेवरून वीज टाकीवर उतरू नये, यासाठी त्या काढलेल्या असतात.

मग पहिल्याच पावसात डीपी का जाते? वळवाबरोबर विजा येतात, आणि कित्येक ठिकाणी विजेचा दणका जमिनीत उतरवणारा लायटनिंग अरेस्टर तुटलेला असतो किंवा त्याची अर्थिंगची पट्टी गायब असते. झोळ पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना भिडतात. फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड ॲल्युमिनियमची तार पिळून ठेवलेली असते, म्हणजे शॉर्टसर्किटचा सगळा दणका थेट कॉइलवर. शिवाय उन्हाळाभर ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीकडून शंभरचं काम ओढून घेतलेलं. लाइट आली रे आली की ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. आतला, कॉइलवर इन्सुलेशन म्हणून गुंडाळलेला कागद आधीच करपलेला असतो; पाऊस निमित्ताला धनी होतो.

अशा डीपीवर पत्रे टाकून काय होणार? वळवाच्या वाऱ्यात ज्यांच्या गोठ्याचं छप्पर उडालंय त्यांना पत्र्याचा भरवसा सांगायला नको. इथे तर खाली ११ हजार व्होल्टची उघडी टर्मिनलं आहेत. ताडपत्री त्याहून वाईट. रोहित्र थंड होतं ते रेडिएटरवरून वाहणाऱ्या हवेने. ती कोंडली की तेल तापतं, आणि कॉइलवरचा कागद साधारण दर ६ अंश वाढीला दुप्पट वेगाने झिजतो. पाणी अडवायला बांधलेली ताडपत्री चार पावसाळ्यांचं आयुष्य एका उन्हाळ्यात खाऊ शकते.

आता ती बाटली. सगळ्यात घातक सल्ला तिच्याबद्दलचा आहे.

तेल तापलं की फुगतं. १०० लिटर तेल ४० अंशांनी तापलं तर जवळपास ३ लिटरने वाढतं. त्या वाढीव तेलासाठी टाकीच्या वर कॉन्झर्व्हेटरचं आडवं पिंप असतं, आणि पिंपातली हवा या बाटलीतून, म्हणजे ब्रीदरमधून, बाहेर पडते. रात्री भार उतरला की तेवढीच हवा परत आत येते. उन्हात तापलेल्या डीपीवर अचानक सर कोसळली तर ही ओढ आणखी जोरात होते, आणि नेमकी तेव्हाच बाहेरची हवा ओलीचिंब असते. ही हवा कोरडी करून, गाळून आत सोडणं हे ब्रीदरचं काम. पिशवी बांधून वाट बंद केली तर दिवसा दाब वाढून गॅस्केटमधून तेल झिरपायला लागतं. रात्री तेल आकसतं, आत हवेचा दाब घटतो, आणि झाकणावर साचलेलं पाणी त्याच ढिल्या गॅस्केटमधून आत खेचलं जातं. पाणी शिरू नये म्हणून बांधलेली पिशवीच पाणी ओढून घेते.

बाटलीकडे जमिनीवरूनच, लांब उभं राहून, नीट बघा. आत सिलिका जेलचे दाणे असतात. निळे असतील तर ठीक, गुलाबी झाले की त्यांनी जेवढी ओल घ्यायची तेवढी घेतली. नव्या बाटल्यांत नारिंगी दाणे दिसतात, ते ओल घेऊन हिरवट किंवा फिके होतात. (निळ्या रंगासाठी वापरलं जाणारं कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला घातक, म्हणून हा बदल.) तळाशी एक वाटी असते, तिच्यात थोडं तेल. आत जाणारी हवा त्या तेलातून बुडबुडे काढत जाते आणि धूळ तिथेच बसते. आपल्याकडची बाटली बहुधा अशी: काचेला तडा, दाणे विटक्या गुलाबी रंगाचे, वाटी कोरडी ठणठणीत, आणि तोंडाशी कुंभारणीने मातीचं घर केलेलं. मूठ-दोन मूठ दाणे आणि वाटीभर तेल, एवढाच इथला खर्च. त्यासाठी वर्गणीची गरज नाही, तक्रारीची आहे.

एवढ्याशा ओलीने काय होतं, असं वाटत असेल तर तेलाची चाचणी कशी होते ते पाहा. २.५ मिमी अंतरावर ठेवलेल्या दोन टोकांमध्ये तेल भरून व्होल्टेज चढवत नेतात. वापरातल्या तेलाने ३० किलोव्होल्ट तरी सोसले पाहिजेत. ओल आणि धुळीचे तंतू एकत्र आले की हा आकडा धडाधड खाली येतो. ६० अंशांचं तेल २० अंशांच्या तेलापेक्षा चौपटीहून जास्त पाणी जिरवून ठेवतं, म्हणून दुपारी सगळं आलबेल दिसतं. रात्री तेल निवलं की जास्तीचं पाणी थेंब होऊन सुटतं आणि जड असल्याने तळाला बसतं. बरीचशी ओल तर तेलात राहतच नाही, कागदात मुरते. ती काढायची तर डीपी उतरवून, वर्कशॉपला नेऊन भट्टीत सुकवावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात जे ट्रान्सफॉर्मर पाण्यात गेले, त्यांच्या बाबतीत पूर ओसरल्याबरोबर खटका वर करून भागण्यासारखं नव्हतं, ते याचमुळे.

पाइपने धुण्याबद्दल एकच सांगतो: करू नका, जीव जाईल. चालू लाइनचे इन्सुलेटर धुतात, पण ते प्रशिक्षित लोक, खास उपकरणं आणि वीज न वाहणारं शुद्ध केलेलं पाणी घेऊन. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात आणि धारेवरून वीज हातापर्यंत येते. बुशिंगवरची कोरडी धूळ सहसा निरुपद्रवी असते. ती भिजून चिखलट झाली की तिच्यावरून वीज सरकते. त्यामुळे बुशिंगवर ठिणग्या उडतात त्या रिपरिप पावसात, धुक्यात, दवात; धो धो पावसात धूळ वाहूनच जाते. आणि शेड केलं की नेमकी ही फुकटची धुलाई बंद! चंद्रपूरकडे सिमेंट आणि कोळशाची धूळ, कोकण किनाऱ्यावर मिठाचा थर, अशा ठिकाणी बुशिंगच लांब अंगाचे घ्यावे लागतात. जास्त प्रदूषणासाठी दर किलोव्होल्टमागे २५ मिमी, अतिप्रदूषणासाठी ३१ मिमी पृष्ठभागाची लांबी धरतात. बाकी पुसायचं काम लाइन बंद करून, अर्थिंग करून, कर्मचाऱ्याने करायचं.

राहिला आयपी ६५. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ अजिबात नाही, ५ म्हणजे पाण्याची धार सोसेल. ऐकायला झकास. पण सोसायटीत तेलाविनाचा, ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर असेल तर तो हवेवर थंड होतो. त्याला जाळ्या आणि झडपा हव्यात, म्हणून त्याची पेटी सहसा आयपी २३ च्या आसपासची असते. साधा ट्रान्सफॉर्मर हवाबंद पेटीत कोंडायचा तर त्याची क्षमता कमी धरावी लागते.

खरी पेटी हवी ती दुसरीकडे, डीपीखालच्या फ्यूज बॉक्सला. दार निखळलेलं, केबल शिरते तिथे भोक बुजवणारं ग्लँड नाही, नुसतं भोक. आत किटकॅटवर (फ्यूजच्या चिनीमातीच्या धारकावर) कोळ्याची जाळी, पाऊस तिरका आला की थेट बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर. आयपी ५४ ची धड दार असलेली पेटी इथे मागा आणि अर्जात ते असंच लिहा: बॉक्सला दार नाही, ब्रीदरचे दाणे गुलाबी आहेत, अरेस्टरची अर्थिंग तुटली आहे, झाकणाच्या कडेने तेल गळतंय. सोबत लांबून काढलेला फोटो जोडा. नुसतं ‘डीपीची दुरुस्ती करा’ लिहिलं तर वायरमन येऊन फ्यूजची तार बदलून जातो.

आणि नव्या डीपीला बाटलीच दिसली नाही तर ती चोरीला गेली म्हणून बोंब मारण्याआधी टाकी बघा. काही रोहित्रं सीलबंद असतात, त्यांना ब्रीदर नसतोच. त्यांचं झाकण तेल बघायला म्हणूनसुद्धा कुणाला उघडू देऊ नका.