सेन्सरच खोटं बोलला तर?

शेपूट नसलेल्या विमानांनी इंधन वाचतं हा लेख चांगला आहे, पण त्यातलं "शेपूट नसलेल्या विमानाची अस्थिरता हा प्रश्न फ्लाय-बाय-वायरने कधीच संपवलाय" हे वाक्य काही पटलं नाही. फ्लाय-बाय-वायर म्हणजे पायलटचा हुकूम कॉम्प्युटरमधून जातो, पंखाचे भाग तोच हलवतो. कॉम्प्युटर विमान सावरतो हे खरं, पण त्याला वेग आणि नाकाचा कोन सांगणारे सेन्सरच चुकले तर? २००८ ला ग्वाममध्ये बी-२, म्हणजे अमेरिकेचं बिनशेपटीचं बॉम्बर विमान, पडलं ते असंच, एअर डेटा सेन्सरमध्ये ओल शिरलेली, तशातच कॅलिब्रेशन (सेन्सरचं माप जुळवणं) केलं, मग टेकऑफला कॉम्प्युटरला वाटलं नाक खाली चाललंय म्हणून त्याने स्वतःच ते वर खेचलं आणि विमान स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच गेली! पायलट दोघंही इजेक्ट होऊन वाचले. कितीही कॉम्प्युटर लावा, सगळ्यांना एकच थाप मारली तर सगळे एकमताने चुकणार ना.

आणि एलेव्हॉनचं, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या झडपांचं, तर लेखात नावच नाही. शेपूट काढली की नाक वरखाली करणं आणि विमान कलवणं दोन्ही कामं त्यांच्यावरच येतात. आमच्या एरोमॉडेलिंगच्या ग्रुपमधे थर्माकोलच्या फ्लाइंग विंगवर हे मस्त दिसतं, कमी वेगात नाक वर धरायला रिमोटची स्टिक पूर्ण मागे ओढली की एलेव्हॉन आधीच टोकाला गेलेले, कलवायला पुरेसं काही उरतच नाही. नासा-बोइंगच्या एक्स-४८बी या बिनशेपटीच्या चाचणी मॉडेलला म्हणूनच साधारण साडेसहा मीटरच्या पंखावर २० कंट्रोल सरफेस (अशा हलणाऱ्या झडपा) होते, कोणी किती हलायचं याचं वाटप सॉफ्टवेअरकडे. पण खऱ्या आकाराच्या विमानात एवढे मोठे पृष्ठभाग भराभर हलवायला दणकट अ‍ॅक्च्युएटर (ते हलवणारी यंत्रं) लागणार, त्यांचं वजन आणि पॉवर वाचलेल्या इंधनातूनच वजा होणार, तो हिशोब कुठाय?