पॅनेल नंतर बघा, आधी झोपायच्या खोल्या मोजा

मोठं घर बांधायला काढलं आणि आगीच्या अलार्मचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठल्या कंपनीचा घेताय?’ माझ्या मते हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्ये मध्यरात्री वायर पेटली, तर दोन मजले वर दार लावून, पंखा फुल करून झोपलेल्या माणसाला जाग येणार का?

आमच्या घराचं काम सध्या चालू आहे. मजले तीन, पिढ्याही तीन. त्यामुळे गेले काही महिने मी हाच विषय चघळतोय आणि घरचे मला कंटाळलेत. आता तुमची पाळी.

घरगुती अलार्मचा आवाज साधारण तीन मीटरवर 85 डेसिबल असतो. झोपलेल्याला उठवायचं तर उशीपाशी किमान 75 तरी हवा. मध्ये एक बंद दार आलं की त्यातला बराच आवाज तिथेच जिरतो, आणि जिना, पॅसेज, दुसरं दार असं करत वर पोचेपर्यंत उरतं काय? म्हणून जिन्याखाली एक दणदणीत हूटर लावून मोकळं होणं मला पटत नाही. प्रत्येक बेडरूममध्ये स्वतंत्र अलार्म, बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये एक, प्रत्येक मजल्यावर किमान एक, आणि हे सगळे एकमेकांना जोडलेले. कुठेही एक वाजला की घरभर सगळे वाजले पाहिजेत. माझ्या यादीत यावर तडजोड नाही, बाकी सगळ्यावर आहे.

इतका आग्रह का, तर वेळ फार थोडा असतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेने घरातल्या आगींच्या चाचण्या घेतल्या, त्यांचा अहवाल 2004 साली आला. सत्तरच्या दशकातल्या तशाच चाचण्यांमध्ये भडकत्या आगीतून बाहेर पडायला सुमारे 17 मिनिटं मिळत होती, ती आता 3 मिनिटांच्या आसपास आली होती. फोमच्या गाद्या-सोफे आणि सिंथेटिक कापडं फार झपाट्याने पेटतात, हे त्यामागचं मोठं कारण. त्या तीन मिनिटांत मुलांना उठवायचं, म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवायचा.

मुलांचा विषय निघालाच आहे तर, नेहमीच्या अलार्मची चिरकी शिट्टी गाढ झोपलेल्या लहान मुलांना बऱ्याचदा उठवत नाही. 520 हर्ट्झचा खर्जातला आवाज त्यांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना जास्त चांगला उठवतो, असं अभ्यासांत दिसलंय. असे अलार्म मिळतात, पण मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही. आमची आई रात्री कानाचं मशीन काढून ठेवते, तिच्यासाठी उशीखाली ठेवायचं थरथरणारं पॅड आणि झगझगणारा दिवा घेणार आहोत. ‘मला कशाला एवढं,’ म्हणाली. पण घेणार.

आता डिटेक्टरचे, म्हणजे अलार्ममधल्या धूर ओळखणाऱ्या भागाचे प्रकार. आयोनायझेशनवाला (यात अमेरिशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ अगदी कणभर असतो) भडकलेली आग लवकर ओळखतो. फोटोइलेक्ट्रिक म्हणजे प्रकाशाच्या झोतावर चालणारा, तो धुमसणारी आग आधी पकडतो. झोपायच्या खोल्या आणि पॅसेजसाठी मी डोळे झाकून फोटोइलेक्ट्रिक घेईन, कारण स्वयंपाकाच्या धुराने तो उगाच कमी बोंबलतो. हे दिसतं तितकं किरकोळ नाही. आग लागूनही अलार्म वाजला नाही अशा घटनांमध्ये बॅटरी नसणं किंवा जोडणी काढून ठेवलेली असणं हे नेहमीचं कारण, आणि ती काढली जाते ती बहुतेक रोजच्या खोट्या बोंबेला वैतागूनच. म्हणून स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर नकोच, तिथे हीट डिटेक्टर, म्हणजे धुराऐवजी उष्णता ओळखणारा. गॅरेजमध्येही तोच. गॅस गीझर किंवा जनरेटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्या, त्या वायूला ना रंग ना वास.

पॅनेल म्हणजे सगळे डिटेक्टर जिथे जोडले जातात ती मुख्य पेटी, तिच्यावरून आमच्याकडे बरीच वादावादी झाली. कॉन्ट्रॅक्टरला अ‍ॅड्रेसेबल पॅनेल हवं, म्हणजे कुठल्या खोलीतला डिटेक्टर वाजला ते स्क्रीनवर दिसतं. तळघर, आउटहाउस, वीस-पंचवीस डिटेक्टर असा पसारा असेल तर जरूर घ्यावं. पण त्याला दरवर्षी देखभाल लागते आणि ती करणारा माणूस लागतो. आमच्याएवढ्या घराला विजेवर चालणारे, आत बॅकअप बॅटरी असलेले, आपसांत जोडलेले अलार्म पुरेत. बिनतारी जोडणीचेही चांगले मिळतात, पण भिंती उघड्या असताना तार न टाकणं मला पटत नाही. प्लॅस्टर झाल्यावर झिरी मारत बसणार कोण? पुतण्याचा जीव मोबाइल अ‍ॅपमध्ये अडकलाय. असू दे, घरी कोणी नसताना उपयोगी पडेल. फक्त अलार्म वाजणं इंटरनेटवर अवलंबून नको.

बसवताना पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून निदान 90 सेंटिमीटर लांब ठेवा, नाहीतर वाऱ्याने धूर डिटेक्टरपर्यंत पोचतच नाही. बाथरूमच्या दारासमोर नको, वाफेने वाजतो. रंगकाम आणि घासकाम संपेपर्यंत वरची प्लास्टिकची टोपी काढू देऊ नका. आणि मागे छापलेली तारीख बघून घ्या, कारण स्मोक अलार्म दहा वर्षांनी बदलायचाच असतो, वाजत असला तरी. दोन मजली उंच हॉलच्या छताला लावणार असाल तर त्याची सफाई करायला शिडी कुठून आणणार, तेही आत्ताच ठरवा.

कॉन्ट्रॅक्टरला मी एक अट घातलीय. शेवटचा हप्ता देण्याआधी सगळ्या बेडरूमची दारं लावायची, पंखे चालू करायचे, आम्ही आपापल्या पलंगावर आडवे होणार आणि त्याने तळमजल्यावरच्या अलार्मचं टेस्ट बटण दाबायचं. त्याला ही अट जरा विचित्र वाटली, पण हो म्हणालाय.