पदवी आखायची म्हणजे विषयांची यादी करायची नव्हे

गेल्या महिन्यात माझी भाची वहीचा एक कागद घेऊन आली. चार वर्षांच्या पदवीसाठी तिने तेवीस विषय लिहिले होते : भूशास्त्र, कायदा, मोडी लिपी, जीआयएस (संगणकावरचे नकाशाशास्त्र), ग्रामीण समाजशास्त्र आणि मध्येच कुठेतरी छायाचित्रण. "मामा, आता मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडीचा विषय, आपणच ठरवायचं ना?" या तिच्या प्रश्नातला उत्साह मोडवत नव्हता, पण तो कागद मला वाणसामानाच्या यादीसारखा वाटला.

तिचा दोष नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांच्या पदवीला १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मिळणारे श्रेयांक) आणि ती साठवायला क्रेडिट बँक, अशी भाषा रूढ झाली आहे. प्रत्यक्षात 'ओपन इलेक्टिव्ह', म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, कोणता मिळणार हे बहुधा वेळापत्रक ठरवते. भूशास्त्राचे प्रात्यक्षिक आणि अर्थशास्त्राचा तास एकाच वेळी असल्याची तक्रार घेऊन ती कार्यालयात गेली, तेव्हा खिडकीतून उत्तर आले, "दिलेल्या बास्केटमधूनच घ्या." बास्केट म्हणजे आधीच ठरवून दिलेला विषयांचा गट.

ज्या विद्यापीठांनी हे स्वातंत्र्य पन्नासहून अधिक वर्षे सांभाळले, तिथे ते इतके स्वस्त नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये सर्वांसाठी सक्तीचे सामाईक विषय काढून टाकले; तरीही स्वतःची स्वतंत्र शाखा आखू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रस्ताव लिहावा लागतो, पाठीशी उभा राहणारा प्राध्यापक शोधावा लागतो, आणि चालू असलेली एकही शाखा आपल्याला का पुरत नाही, हे समितीला पटवून द्यावे लागते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गॅलाटिन विभागात तर शेवटी स्वतः निवडलेल्या वीस-पंचवीस ग्रंथांवर प्राध्यापकांसमोर बसून तोंडी चर्चा करावी लागते. तेवीस विषयांची यादी अशा बैठकीत पाच मिनिटेही टिकणार नाही.

म्हणून मी तिला एकच प्रश्न लिहायला सांगितला. बराच वेळ पेन चावून तिने लिहिले : "शेजाऱ्याने कायदा मोडला नाही, तरी आमची विहीर का आटली?" विहीर आमच्या गावची आहे, शेजारी बोअर पडल्यापासून ती शिमग्यालाच तळ दाखवते. या एका ओळीने निम्मी यादी आपोआप गळाली. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत असते, त्यामुळे खालचे पाणी दोघांचे एकच असू शकते, हे भूशास्त्र सांगते. १८८२ चा सुविधाधिकार कायदा मात्र आपापल्या जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क मालकाला देतो, म्हणजे कायद्याला फक्त वरचा बांध दिसतो. पुढे महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा आला, त्याने नेमके काय बदलले, हे वाचायला थोडा कायदा हवाच. मोडीची गरज विहिरीच्या पाळ्यांचे जुने कागद सापडले तरच. छायाचित्रण मात्र गेले. (गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी तक्षशिलेची प्राचीन नाणी तोलत होते, ते गणित आणि इतिहास अशी जोडपदवी मिळवण्यासाठी नव्हे, वापराने नाणे किती झिजते, या प्रश्नाला दोन्ही लागत होते.)

माझी खरी काळजी वेगळी आहे. असा प्रस्ताव वाचून 'हे चालणार नाही' म्हणायला एक माणूस लागतो, आणि तोही चार वर्षे जागेवर असावा लागतो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तासांचे अध्यापन असते आणि कितीतरी जागा तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, चालतात. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने चार वर्षांच्या आराखड्यावर सही कशी करायची? धोरण राबवणाऱ्यांनी बास्केटांची संख्या वाढवण्याआधी या जागा भरायला हव्या होत्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाचीला भूशास्त्राचे एक सर भेटले, तेही तासिकेवरचेच. त्यांनी कागद वाचला आणि विचारले, "विहिरीची पातळी दर पंधरवड्याला मोजली आहे का?" मोजली नव्हती. परवा ती गावी गेली आहे, फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी घेऊन.