रिमेकला शिव्या देण्याआधी 'द थिंग' आठवा

जुन्या, गाजलेल्या भयपटाचा रिमेक येणार अशी बातमी आली की चाहत्यांमध्ये एक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: 'अभिजात भयपटाला कुणी हात लावू नये. रिमेक म्हणजे कल्पना आटलेल्या स्टुडिओंचा धंदा. जुन्या सिनेमात काही न दाखवता भीती वाटायची, आता नुसता रक्तमांसाचा चिखल. आणि मूळ सिनेमाचं नाव खराब होतं ते वेगळंच.'

माझाही भयपटांवर जीव आहे, आणि वाईट रिमेकचा मनस्ताप मलाही चुकलेला नाही. तरी हा दावा मला मान्य नाही. जॉन कारपेंटरचा १९८२चा 'द थिंग' समोर ठेवला तर त्यातलं एकही वाक्य धड उभं राहत नाही.

हाही रिमेकच, हे अनेकांच्या गावी नसतं. १९५१ साली हॉवर्ड हॉक्सची निर्मिती आणि ख्रिश्चन नायबीचं दिग्दर्शन असलेला 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' आला. उत्तर ध्रुवाजवळचा तळ, बर्फात गाडलेली उडती तबकडी आणि तिच्यातून निघालेला धिप्पाड प्राणी: वनस्पतीपासून बनलेला, रक्तावर पोसणारा. शेवटी तळावरची माणसं एकजुटीने त्याला विजेच्या झटक्याने जाळून टाकतात. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत शत्रू बाहेरून येत होता आणि आला की ओळखू येत होता. सिनेमा उत्तम आहे, मी आजही आवडीने बघतो.

पण 'मूळ' म्हणायचं कशाला? हा सिनेमा ज्यावरून घेतला ती जॉन कॅम्पबेलची दीर्घकथा १९३८ची. ती घडते अंटार्क्टिकात, आणि तिच्यातला प्राणी कुणाचंही रूप घेऊ शकतो. शेजारी बसलेला माणूस अजून माणूसच आहे का, हा त्या कथेचा प्राण. १९५१च्या सिनेमाने नेमका तोच वगळला. कारपेंटर आणि पटकथाकार बिल लँकेस्टर तो परत घेऊन आले. म्हणजे रिमेक मूळ कथेच्या जास्त जवळ गेला. मग अभिजात कलाकृतीला हात नक्की कुणी लावला?

धंद्याचं म्हणाल, तर १९५१चा सिनेमाही तिकिटं विकण्यासाठीच काढला होता. पाहायचं ते दिग्दर्शकाचं जुन्या सिनेमाशी नातं. कारपेंटरचा १९७८चा 'हॅलोविन' आठवा. त्यात त्या रात्री मुलं टीव्हीवर जे बघत बसलेली असतात, तो हाच 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'. चार वर्षांनी स्वतःचा 'द थिंग' करताना त्याने नामावलीतली पेटत उमटणारी अक्षरंही जुन्या सिनेमासारखीच ठेवली. त्याच्या सिनेमातली, नॉर्वेच्या तळावरून आणलेली व्हिडिओफीत आठवते? बर्फाखालच्या तबकडीचा आकार कळावा म्हणून तिच्यात माणसं कडेकडेने पांगून उभी राहतात. तेही जुन्या सिनेमातलंच दृश्य. इतक्या मायेने केलेल्या कामाला धंदा म्हणवत नाही.

'न दाखवता भीती' हा मुद्दा सगळ्यांत वजनदार, आणि तो मी झटकून टाकणार नाही. जुन्या सिनेमात प्राणी मोजकाच दिसतो आणि दार उघडल्यावर तो अचानक समोर उभा असतो, तो क्षण अजूनही दचकवतो. उलट कारपेंटरने सगळं उजेडात मांडलं. त्याच्या सिनेमातले प्राणी घडवणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम बाविशीचा होता. त्याने रबर, रसायनं आणि यंत्रांच्या साहाय्याने फाटणारी, वितळणारी, एकमेकांत मिसळणारी शरीरं उभी केली. वर्षभर राबून शेवटी थकव्याने त्याला इस्पितळात दाखल व्हावं लागलं. इथे शरीर दाखवणं गरजेचंच होतं, कारण कथेतली भीती शरीराचीच आहे.

तरी त्या सिनेमातला सर्वांत भयंकर प्रसंग कोणता? कोण अजून माणूस आणि कोण प्राणी, हे ओळखण्यासाठी केलेली रक्ताची चाचणी. माणसं दोरीने बांधलेली, बशांमध्ये एकेकाचं थोडं थोडं रक्त, आणि त्यात टेकवायची तापवलेली तार. चर्र आवाज आला की तो माणूस सुटला. पुढची बशी. कितीतरी वेळ पडद्यावर काहीच घडत नाही आणि आपण श्वास रोखून बसतो. न दाखवण्याची कला याहून वेगळी काय असते?

'द फ्लाय'चंही तसंच. १९५८च्या सिनेमात माणसाचं आणि माशीचं डोकं नि हात यांची अदलाबदल होते. डेव्हिड क्रोनेनबर्गने १९८६ साली ती अदलाबदल काढून टाकली. त्याचा शास्त्रज्ञ हळूहळू बदलत जातो, नखं गळतात, दात पडतात, आणि त्याच्यावर प्रेम करणारी बाई ते बघत राहते. दुर्धर आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या कुणालाही ते दृश्य परकं वाटणार नाही. मेकअपचं ऑस्कर त्याला मिळालंच, पण मला तो लक्षात राहिला त्यातल्या दुःखासाठी.

नाव खराब होण्याचं म्हणाल, तर १९८२च्या जूनमध्ये 'द थिंग' आला तेव्हा 'ई.टी.'ला जेमतेम दोन आठवडे झाले होते. प्रेमळ परग्रहवासीयावर लोक फिदा होते, आणि समीक्षकांनी कारपेंटरला झोडपून काढलं. एन्नियो मोरिकोनेच्या संगीताला तर सर्वांत वाईट संगीताच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं. आज तोच सिनेमा 'याला हात लावू नका' म्हणणाऱ्यांच्या यादीत अगदी वर असतो. आणि १९५१च्या सिनेमाचं काय बिघडलं? २००१ साली, म्हणजे रिमेकनंतर १९ वर्षांनी, अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली.

शंका घेऊच नये असं मी म्हणत नाही. गस व्हॅन सँटने १९९८ साली हिचकॉकचा 'सायको' जवळपास शॉटला शॉट जोडून रंगीत केला. तीच पटकथा, तेच संगीत, आणि मन मात्र कोरडं. २०११चा 'द थिंग' कारपेंटरच्या सिनेमाची पूर्वकथा सांगणारा. त्यासाठी कारागिरांनी खरोखरचे यांत्रिक प्राणी बनवले होते, चित्रीकरणात वापरलेही होते. नंतर बहुतेकांवर संगणकाचं चित्र चढवलं गेलं. चाहत्यांनी संतापायचं तर त्या झाकल्या गेलेल्या कामासाठी संतापावं. तिथे मी त्यांच्या बरोबर आहे.