बोर्ड गेलंय

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की वर्तमानपत्रांत द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात आणि आमच्या घरात आई हीटर मागते. हा हीटर वडिलांनी घेतला तेव्हा मी शाळेत होतो. परातीएवढा चकचकीत पत्रा, मधे चिनीमातीचा शंकू, त्याच्या खाचांतून गुंडाळलेली निक्रोमची कॉइल. संपला हीटर! त्यात बिघडायला मुळी काही नाहीच. कॉइल लालबुंद झाली की तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तोच आतल्या तारेला जळू देत नाही. कधी तुटलीच, तर रविवार कारंजावरचा मिस्त्री नवी कॉइल सारखी ताणून बसवतो. घरी तुटकी टोकं पिळून जोडाल तर सांधा नीट बसत नाही, तापतो आणि नेमका तिथेच पुन्हा जळतो. हजार वॅटचा आहे, म्हणजे तासाला एक युनिट खातो. पण खाल्ल्या अन्नाला जागतो.

याउलट इटालियन पद्धतीची कॉफी करणारं एस्प्रेसो मशीन. चिरंजीवांनी बेंगळुरूहून पाठवलं. आम्ही त्याला जावयासारखं वागवलं. कॉलनीत बोअरचं पाणी, म्हणून त्याला फिल्टरचं. क्षार धरू नये म्हणून महिन्याला लिंबूसत. तरी आधी गॅस्केट कडक होऊन हँडलच्या कडेने कॉफी गळायला लागली. नऊ बार दाब, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या चौपट. रबर तरी किती सोसणार? गॅस्केट बदललं. मग वॉरंटी संपली आणि पाठोपाठ तिन्ही दिवे एकदम लुकलुकायला लागले. सर्व्हिस सेंटरातल्या मुलाने मशीन न उघडताच निदान केलं : "बोर्ड गेलंय सर. बोर्डापेक्षा नवीन घेतलेलं परवडेल."

इटालियन लोकांना टिकाऊ मशीन बनवता येत नाही असं मात्र नाही. १९६१ साली तिथल्या फाएमा कंपनीने ई६१ नावाचं एस्प्रेसो मशीन काढलं. त्या धर्तीचा पितळी ग्रुप, म्हणजे हँडल जिथे अडकवतात तो भाग, आजही नव्या मशीनवर बसतो, सुटे भाग मिळतात. पण ते धूड ओट्यावर ठेवायचं तर मिक्सर, कुकर आणि बायको, तिघांनाही बाहेर काढावं लागेल.

शेवटी मिस्त्रीकडेच नेलं. त्याने चार स्क्रू काढले, पाचवा कसलातरी तिकोनी निघाला, त्याला शिवी हासडून तोही काढला. बोर्डावर काळा राळेसारखा मसाला ओतून सगळं बुजवलेलं. तो बराच वेळ बघत बसला, मग मीटरची टोकं बॉयलरला लावली आणि एकदम खूश झाला.

"काका, हीटर ठणठणीत आहे यातला!"

घरी आल्यावर मी म्हटलं, मोडीत देऊन टाकू.

"मोडीत कशाला रे?" आई म्हणाली. "हीटर चालतोय ना? अंघोळीचं पाणी तापवू की त्यात."

"आई, एका वेळी पेलाभर तापतं त्यात."

"मग तू आधी उठत जा."