रंग नाही म्हणून राशन बंद? असा कायदा कुठेही नाही

‘आदर्श गाव नियमावली’ नावाचा एक लांबलचक मेसेज आमच्या यवतमाळकडच्या गावांत फिरतो आहे. त्यात लिहिलं आहे की बाहेरून प्लॅस्टर आणि रंग नसलेल्या घराला पाच हजार रुपये दंड. दारासमोर ढोरं, कुटार (जनावरांचा भुसा), पऱ्हाट्या (जळणासाठी ठेवलेल्या कापसाच्या वाळक्या काड्या) दिसल्या तर जप्ती. न ऐकणाऱ्याचं राशन आणि दाखले बंद. पडकं घर तीन वर्षांत नीट केलं नाही तर ते पाडून जागा ग्रामपंचायतीची. ग्रामसभेने ठराव घेतला की तोच कायदा. आणि शेवटी, परदेशात असंच आहे म्हणून ते देश स्वच्छ आहेत. खाली ना सही, ना तारीख, ना जावक क्रमांक.

आर्णी तालुक्यातल्या माझ्या आत्याने हा मेसेज नातवाकडून वाचून घेतला आणि रंगासाठी बचत गटाकडे कर्ज मागितलं. कापूस अजून झाडावर आहे. मी फोनवर समजावलं तर म्हणाली, “तू मनतं ते खरं असन बापू, पन राशन बंद झालं त खाऊ काय?” एका एकट्या म्हातारीला हे विचारावं लागतं याचा मला संताप आहे. म्हणून आधी राशनचंच बोलू.

राशन ही ग्रामपंचायतीची मेहेरबानी नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क दिला आहे: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय कार्डाला 35 किलो. 2023 पासून हे धान्य मोफत मिळतं. कार्डाचं काम तहसीलच्या पुरवठा विभागाकडे असतं. आपल्या राज्यात प्राधान्य यादीसाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न 44 हजारांच्या आत असावं लागतं. त्या निकषात भिंतीचा रंग नाही, अंगणातली बकरी नाही. सरपंच, सचिव किंवा ग्रामसभा, यांपैकी कोणीही ‘तुझं घर घाण दिसते’ म्हणून धान्य थांबवू शकत नाही. कोणी थांबवलंच तर त्याच कायद्यात जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य पातळीवर अन्न आयोग आहे. आणि जरा विचार करा, रंगाचे पैसे ज्याच्याकडे नाहीत तोच राशनवर जगतो. म्हणजे हा नियम नेमका त्याच्याच ताटातलं काढतो. असलं काही ‘आदर्श’ म्हणून पुढे पाठवणाऱ्यांनी एकदा तरी हात आखडायला हवा होता.

दाखल्यांचंही तेच. घरटॅक्स थकला असेल तर त्याच्या वसुलीची रीत कायद्यात आहे, तो विषय वेगळा. रंग लावला नाही म्हणून नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या कर-नोंदीचा, उतारा अडवता येत नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. विनाकारण अडवली तर दंड अधिकाऱ्याला होतो, अर्जदाराला नाही.

आता प्लॅस्टर आणि रंग. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीतच घरांचे प्रकार आहेत, आणि त्यातला पहिला ‘झोपडी किंवा मातीची इमारत’ असा आहे. त्या प्रकाराचा कर ग्रामपंचायत दरवर्षी घेते. ज्या घराची अशी नोंद करून पैसे घेतले, ते घर मातीचं आहे हा गुन्हा कसा होईल? शिवाय मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लॅस्टर मारणं हे तिचं नुकसान आहे. ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते आणि दोन-चार पावसाळ्यांत प्लॅस्टर पापुद्र्यासारखं सुटतं. सारवण, पांढऱ्या मातीचा हात, छपराची कवेलू (कौलं) फेरणं, हीच त्या घराची खरी देखभाल, आणि आमच्याकडच्या बाया ती कोणी न सांगता करत आल्या आहेत. विटांच्या घरकुलांचं म्हणाल, तर प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. त्यात पाया, भिंती, स्लॅब होता होता दम निघतो. बाहेरचं प्लॅस्टर राहतं ते पैसे संपले म्हणून.

पऱ्हाट्यांच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी रचून ठेवली की गुलाबी बोंडअळीचे कोष तिच्यात टिकतात, म्हणून साठवू नका असं कृषी विभाग सांगतोच. या अळीने कापूस खाल्लेला 2017 चा हंगाम आपण विसरलेलो नाही. पण ही अळी घराच्या समोर आणि मागे असा भेद करत नाही. दारासमोरून उचलून सांदवाडीत (घरामागच्या जागेत) रचली तर मेसेजवाल्याचा नियम पाळला जातो आणि अळी तशीच राहते. चूल पेटवायला दुसरं काय आहे, हे आधी विचारायला हवं. सांडपाणी रस्त्यावर सोडणं, उकिरडा वाटेवर घालणं चूकच. सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण ग्रामपंचायत हटवू शकते, यातही वाद नाही. त्यासाठी शोषखड्डे खोदून द्या, उकिरड्याला गावाबाहेर जागा द्या. स्वतःच्या अंगणात बैल बांधणाऱ्याचा बैल जप्त करणं म्हणजे त्याची शेती जप्त करणं.

ठराव म्हणजे कायदा, हे एका वाक्यात निकालात निघतं: ग्रामसभेचा ठराव विधिमंडळाच्या आणि संसदेच्या कायद्यावर चढत नाही.

पडक्या घरांचा मुद्दा मात्र मला सगळ्यात संशयास्पद वाटतो. पोरं पुण्याला, नागपूरला; नमुना 8 वर अजून आजोबांचं नाव; तीन भावांच्या हिश्श्याचा वाद. असं घर पडतंच. रस्त्यावर कललेली भिंत धोक्याची असेल तर ती उतरवायलाच हवी. पण जागा घेणं? संविधानाचं कलम 300-अ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. पाडण्याबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 ला निकालच दिला आहे. आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई त्या खंडपीठात होते. किमान 15 दिवसांची नोटीस, ती रजिस्टर पोस्टाने आणि घरावर डकवून, मालकाचं म्हणणं ऐकून घेणं, आणि हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्ता, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागांवरचं अतिक्रमण त्यातून वगळलं आहे. आजोबांचा वाडा त्यात येत नाही. गावठाणातल्या मोक्याच्या जागेवर कोणाचा तरी डोळा असतो, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

राहिलं परदेश. अमेरिकेत अनेक शहरांत घरांच्या देखभालीची संहिता आहे, हे खरं. पण तिथे दाद मागायची सोयही असते, ते मेसेजात नाही. आणि मिसुरी राज्यातल्या पेजडेल या छोट्या शहराचं काय झालं तेही नाही. तिथे उडालेला रंग, खिडक्यांचे न जुळणारे पडदे अशा कारणांवरून रहिवाशांना दंड लावत होते, नगरपालिकेला त्या पैशांची चटक लागली होती. रहिवाशांनी 2015 मध्ये खटला भरला, आणि 2018 मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली शहराला ही पद्धत सोडावी लागली.

तुमच्या दारात कोणी या मेसेजच्या नावाने पैसे मागायला आलं तर रोख एक रुपया देऊ नका. कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, ते लिहिलेली सही-शिक्क्याची नोटीस मागा, तिची पोच स्वतःकडे ठेवा. राशन अडवलं तर त्याच दिवशी तहसीलला लेखी अर्ज द्या.